नुसते पाणी बघणाऱ्यांचे युद्ध

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचे आजोबा हवाई दलाच्या ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे इथे लोहगावला, सिग्नलर होते. १९७१ च्या युद्धाचा विषय निघाला की "आम्ही नुसते पाणी बघत होतो" एवढेच ते म्हणत. त्यांच्या पश्चात कपाटात त्यांचे लॉगबुक सापडले; त्यात डिसेंबर १९७१ च्या पानावर लांबलचक उड्डाणांच्या नोंदी आहेत, पण कामाच्या रकान्यात ओळीमागून ओळ 'सागरी टेहळणी' या दोन शब्दांपलीकडे काही नाही. तेव्हा या स्क्वाड्रनने युद्धात नेमके केले काय, आणि बॉम्ब न टाकणाऱ्या स्क्वाड्रनचा युद्धेतिहास लिहायचा तर कशाच्या आधारावर, असे तुम्ही विचारले आहे.

मी हवाई दलातला नव्हे. मी नौदलात आयएल-३८ या सागरी टेहळणी विमानांवर ऑब्झर्व्हर, म्हणजे रडार आणि शोधकाम सांभाळणारा अधिकारी, होतो आणि आयुष्यातली बरीच वर्षे गोव्याहून उडून अरबी समुद्र बघण्यात घालवली. पण ज्या वरिष्ठांनी मला हे काम शिकवले, त्यांतले काही जण सुपर कॉन्स्टेलेशनवर, म्हणजे तुमच्या आजोबांच्याच विमानांवर घडलेले होते. आता विश्रांतवाडीत राहतो. लोहगावच्या धावपट्टीवरून काय उठले ते न बघता आवाजावरून सांगता येते, एवढाच त्या दिवसांचा अवशेष. त्या अनुभवाच्या बळावर पहिली गोष्ट सांगतो: आजोबा काही लपवत नव्हते आणि विनयानेही बोलत नव्हते. पाणी बघणे हेच ते काम होते, आणि बघून आल्यावर "तिथे काही नाही" असे खात्रीने सांगता येणे हे त्या कामाचे फळ होते. तुमच्या लेखाची मांडणी या एका वाक्याभोवती केलीत, तर लॉगबुकातली प्रत्येक ओळ बोलू लागेल.

तुम्ही पाठवलेल्या फोटोतली नऊ तास वीस मिनिटांची नोंद घेऊ. लोहगाव ते कोकणकिनारा हे अंतर विमानाला किरकोळ, पण नेमून दिलेल्या चौकोनापर्यंत जाणे-येणे, वाऱ्याचा हिशेब आणि राखीव इंधन धरून साडेतीन तास वजा करू. उरले साधारण सहा तास. वेग १८० नॉट, म्हणजे तासाला १८० सागरी मैल धरू. सोयीच्या उंचीवरून, बऱ्या हवेत, मोठे व्यापारी जहाज रडारवर दोन्ही बाजूंना ३० सागरी मैलांपर्यंत हमखास दिसते असे मानू. म्हणजे विमान ६० मैल रुंदीचा पट्टा झाडत चालले आहे. सहा तासांत झाडलेला समुद्र होतो ६४,८०० चौरस सागरी मैल, म्हणजे सुमारे २ लाख २२ हजार चौरस किलोमीटर: महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या सत्तर टक्क्यांहून थोडा अधिक. एका विमानाने, एका दिवसात. हे ऐकायला भव्य वाटते. आता त्याच उड्डाणात शोध जहाजाचा नसून पाणबुडीच्या पेरिस्कोपचा आहे असे समजा. तो शांत समुद्रातही दोन-तीन मैलांपलीकडे रडारला सापडत नाही. दोन्ही बाजूंना तीन मैल धरले, तर पट्टा सहा मैलांचा उरतो आणि झाडलेले क्षेत्र २२ हजार चौरस किलोमीटरवर येते, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या दीडपटीहूनही थोडे कमी. विमान तेच, माणसे तीच, घाम तेवढाच. शोधायची वस्तू बदलली आणि काम दहा टक्क्यांवर आले. हे आकडे मी समजावण्यासाठी धरलेले आहेत, त्या विशिष्ट उड्डाणाचे नव्हेत. पण प्रमाण हेच असते.

उंच उडावे म्हणजे लांबचे दिसेल, असे कोणालाही वाटते. रडारचे क्षितिज उंचीच्या वर्गमुळाने वाढते: १,००० फुटांवरून ते सुमारे ३९ सागरी मैलांवर असते आणि ५,००० फुटांवरून ८७ मैलांवर. उंची पाचपट केली की अंतर जेमतेम सव्वादोनपट होते, आणि त्या बदल्यात लाटांवरून परतणाऱ्या गोंगाटात लहान वस्तू बुडून जाते. म्हणून जहाजे शोधायला वर आणि पाणबुडी शोधायला खाली, असा सततचा चढउतार चालतो. चार पिस्टन इंजिने गरगरत असलेल्या विमानात, पावसाळ्यानंतरच्या उन्हात, खारट दमट हवेत आठशे फुटांवर सहा तास बसणे म्हणजे काय हे लॉगबुकात लिहायला रकाना नसतो.

त्यात डोळ्यांचा प्रश्न. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या कोस्टल कमांडला असे दिसू लागले की रडारवर बसलेली चांगली तरबेज माणसेही समोरचा ठिपका सोडून देतात. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने त्यासाठी केंब्रिजमध्ये एक साधा प्रयोग रचला: घड्याळासारख्या तबकडीवर एक काटा टप्प्याटप्प्याने सरकतो, क्वचित एकदम दोन टप्पे उडी मारतो, ती उडी दिसली की बटण दाबायचे. पहिल्या अर्ध्या तासानंतर उड्या सुटण्याचे प्रमाण लक्षणीय वाढते असे त्यात आढळले. तेव्हापासून जगभरच्या टेहळणी विमानांत रडारवरचा माणूस अर्ध्या-पाऊण तासाने बदलण्याची रीत पडली, आणि आमच्याकडेही ती कसोशीने पाळली जाई. तुमचे आजोबा सिग्नलर असले, तरी पूर्ण उड्डाणभर वायरलेसला चिकटून नसणार. अशा विमानांत सिग्नलर आलटून पालटून रडारवर आणि खिडकीशी बसतो. "नुसते पाणी बघत होतो" हे वाक्य त्या खिडकीतून आलेले आहे.

दिसणे आणि ओळखणे यांत आणखी एक दरी आहे, आणि युद्धात खरी माती होते ती तिथे. माझी स्वतःची फजिती सांगतो. नवखा असताना रत्नागिरीच्या पश्चिमेला एका संध्याकाळी रडारवर बारीक, मधूनच नाहीसा होणारा ठिपका धरला. सगळी लक्षणे पेरिस्कोपची. मी छाती फुगवून कॉन्टॅक्ट कळवला, विमान वळवले, सगळा क्रू आपापल्या जागी ताठ झाला, आणि जवळ जाऊन पाहतो तर कोळ्यांच्या जाळ्याचा बोया, त्यावर उभा बांबू आणि बांबूला काळे फडके. पुढचे अनेक दिवस मेसमध्ये माझ्यापुढे चहा ठेवताना "बोया सर" म्हणण्याची प्रथा होती. शांततेच्या काळात अशा चुकीची किंमत चहाच्या कपाएवढी. १९७१ च्या ६ डिसेंबरला पाकिस्तानी बाजूला तीच चूक केवढ्याला पडली पाहा: नौदलाचे निरीक्षक घेऊन उडणाऱ्या एका फोकर प्रवासी विमानाने समुद्रावरच्या जहाजाला भारतीय क्षेपणास्त्र नौका समजून खबर दिली, आणि पाकिस्तानी हवाई दलाच्या विमानाने आपल्याच 'झुल्फिकार' या फ्रिगेटवर गोळीबार केला. जहाजाने जिवाच्या आकांताने आपली ओळख पटवल्यावर तो थांबला. दोनच रात्रींपूर्वी, ४ डिसेंबरला, 'निर्घात', 'निपात' आणि 'वीर' या आपल्या नौकांनी कराचीवर क्षेपणास्त्रे डागली होती. त्यामुळे तिथे प्रत्येक लहान ठिपका क्षेपणास्त्र नौकाच भासत होता.

ही घटना मी मुद्दाम घेतली, कारण आपले सुपर कॉन्स्टेलेशनही मुळात प्रवासी विमानच होते. फरक विमानात फारसा नव्हता. फरक असा होता की लोहगावची स्क्वाड्रन १९७१ उजाडेपर्यंत वीस वर्षे मुख्यतः समुद्रावर उडत होती. कोणते जहाज कोणत्या मोसमात कोणत्या वाटेने जाते, टँकरची आकृती कशी, मालवाहूची कशी, गलबतांचा तांडा रडारवर कसा पसरतो, हे त्या माणसांच्या अंगात मुरलेले होते. युद्धात ओळख पटवण्याची जी क्षमता लागते, ती युद्धाआधीच्या कंटाळवाण्या वर्षांत साठते.

आता स्क्वाड्रनच्या पूर्वेतिहासाकडे वळू, कारण तो तुम्हाला वाटतो त्याहून वेडावाकडा आहे. ६ क्रमांकाची स्क्वाड्रन १ डिसेंबर १९४२ ला त्रिचनापल्लीला उभी राहिली, स्क्वाड्रन लीडर मेहर सिंग यांच्या नेतृत्वाखाली. ती सागरी स्क्वाड्रन नव्हती. टेहळणीच्या हरिकेन विमानांवर तिने ब्रह्मदेशातल्या आराकानच्या मोहिमेत काम केले. जोडीने उडायचे, एकाने खाली बघून छायाचित्रे घ्यायची आणि दुसऱ्याने जपानी लढाऊ विमानांवर नजर ठेवायची. ब्रिटिशांच्या चौदाव्या सैन्याचे डोळे अशी तिची ख्याती झाली आणि मेहर सिंग यांना डीएसओ हा ब्रिटिश युद्धसन्मान मिळाला. त्या महायुद्धात तो मिळालेले भारतीय हवाई दलातले ते एकमेव अधिकारी. तिचा एक तळ कॉक्स बाझार होता. १९७१ च्या डिसेंबरात 'विक्रांत'वरच्या सी हॉक विमानांनी ज्या कॉक्स बाझारच्या धावपट्टीवर पहिल्याच दिवशी हल्ला केला, ते हेच गाव. फाळणीत हा क्रमांक पाकिस्तानकडे गेला आणि आपल्याकडे काही काळ तो रिकामा राहिला. म्हणून १९४२ ते आजवरचा अखंड इतिहास असे कोणी म्हटले, तर तेवढ्यापुरते सावध राहा. माणसांची आणि कागदांची साखळी मध्ये तुटलेली आहे, परंपरा पुढे चालू ठेवली ती क्रमांकाने.

जानेवारी १९५१ मध्ये ती पुण्यात पुन्हा उभी राहिली, या वेळी लिबरेटर विमानांवर आणि सागरी टेहळणीसाठी. या लिबरेटरांची जन्मकथा सांगितल्यावाचून राहवत नाही. महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला ही चार इंजिनांची बॉम्बफेकी विमाने सोडून दिली, तीही पुन्हा उडू नयेत अशी मोडतोड करून. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्याच्या मंडळींनी त्या भंगारातून एकेक विमान कसेबसे उडण्याजोगे केले आणि जमशेद कैकोबाद मुन्शी या वैमानिकाने ती कानपूरहून बंगळूरला उडवत नेली. अशी चाळीसेक विमाने दुरुस्त होऊन हवाई दलात आली, आणि १९६८ च्या अखेरीपर्यंत टिकली. लिबरेटरच्या बॉम्बकक्षाची दारे बाहेर उघडत नसत. दुकानाचे शटर जसे वर सरकून गुंडाळले जाते तशी ती विमानाच्या कुशीवर सरकत. लंडनच्या हेंडन इथल्या संग्रहालयात आज उभे असलेले लिबरेटर भारतीय हवाई दलानेच १९७४ मध्ये दिलेले आहे. कधी गेलात तर ते शटर बघून या.

हेच विमान समुद्रासाठी का, याचे उत्तर अटलांटिकमध्ये मिळते. जर्मन पाणबुडी त्या काळी पृष्ठभागावर १७ नॉटने धावे आणि पाण्याखाली जेमतेम साडेसात नॉटने, तेही बॅटरी संपेपर्यंत. व्यापारी तांड्याच्या पुढे जाऊन दबा धरायचा तर तिला पृष्ठभागावर राहणे भाग होते. वर विमान घिरट्या घालत असले की ती बुडी मारे, आणि बुडी मारली की तांडा निसटे. विमानाने बॉम्ब टाकलाच पाहिजे असे नव्हते; त्याने नुसते तिथे असायचे. लांब पल्ल्याच्या लिबरेटरांनी १९४३ च्या वसंतात मध्य अटलांटिकमधली विमानरहित पोकळी भरून काढली, आणि त्या एका मे महिन्यात जर्मनीच्या ४१ पाणबुड्या गेल्या, त्यांतल्या बऱ्याच विमानांच्या हातून. अगदी बारीक सुधारणांनी मोठे फरक पडले: डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारा बॉम्ब, १०० फुटांऐवजी २५ फुटांवर फुटेल असा लावणे, कारण विमानाला दिसलेली पाणबुडी अजून वरच असते, विमानाचे पोट काळ्याऐवजी पांढरे रंगवणे, कारण ढगाळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळे पोट लांबून उठून दिसते. तरीही कोस्टल कमांडच्या बहुसंख्य वैमानिकांनी पूर्ण युद्धात एकही पाणबुडी पाहिली नाही. तुमच्या आजोबांची बिरादरी ही.

आपल्या समुद्रातले उदाहरण हवे असेल, तर ४ एप्रिल १९४२ चे घ्या. श्रीलंकेतल्या कोग्गला इथून उडालेले कॅनडाच्या ४१३ स्क्वाड्रनचे कॅटलिना विमान, कॅप्टन लिओनार्ड बर्चॉल, दिवसभराची टेहळणी आटोपत आलेली, आणि दक्षिणेला क्षितिजावर काही ठिपके. जवळ जाऊन पाहिले तर जपानची विमानवाहू नौकांची फळी. संदेश पाठवत असतानाच जपानी झिरो लढाऊ विमानांनी त्याला पाडले आणि वाचलेला क्रू कैद झाला. पण संदेशाचा जेवढा भाग पोहोचला, त्यावर कोलंबो दुसऱ्या दिवशीच्या हल्ल्याला जागे राहिले. त्या संदेशासाठी किती रिकामी उड्डाणे झाली असतील याचा हिशेब कोणी विचारत नाही.

१९६५ विषयी फार लिहू नका. लिबरेटर तेव्हा थकलेले होते, 'विक्रांत' मुंबईत दुरुस्तीसाठी गोदीत होती, आणि ७-८ सप्टेंबरच्या रात्री सात पाकिस्तानी युद्धनौका येऊन द्वारकेवर तोफा डागून परत गेल्या. मोजकी विमाने, काळोखी रात्र आणि अफाट पाणी यांचा हिशेब वर मांडलाच आहे.

सुपर कॉन्स्टेलेशन ही एअर इंडियाची कधीकाळची शान. प्रत्येक विमानाला 'राणी ऑफ अमुक' असे नाव, शेपटाला तीन पंख, आणि प्रवाशांना लंडनला नेणारा ऐटबाज डौल. जेट विमाने आल्यावर १९६१-६२ च्या सुमारास अशी नऊ विमाने हवाई दलाकडे आली आणि ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाली. लांब पल्ला, प्रशस्त पोट, चार माणसे पाय पसरून बसतील एवढी जागा. कंटाळ्याशी लढायला याहून चांगले विमान नाही. पण तिला पाणबुडी मारता येत नव्हती, पाण्याखालचे ऐकता येत नव्हते, आणि शत्रूचे एखादे लढाऊ विमान समोर आले असते तर पळताही आले नसते. १९७१ मध्ये देशाकडे किनाऱ्यावरून उडणारी लांब पल्ल्याची सागरी टेहळणी होती ती एवढीच.

डिसेंबर १९७१ च्या पानाचा खरा अर्थ इथे लागतो. पश्चिम ताफ्याला उत्तरेकडे सरकायचे असेल, क्षेपणास्त्र नौकांना कराचीपर्यंत ओढत न्यायचे असेल, तर आधी कोणीतरी सांगायला हवे की वाटेत कोणती परदेशी जहाजे आहेत, कोणते जहाज शत्रूचे आहे, आणि कोणता पट्टा मोकळा आहे. तटस्थ देशाचे टँकर बुडवले तर रणांगणावरचा विजय राजधानीत हरावा लागतो. हा मोकळेपणाचा दाखला टेहळणीच देते, आणि तो दाखला नाशवंत माल आहे: दुपारी बाराला रिकामा दिसलेला चौकोन रात्री बाराला रिकामा असेलच असे नाही, कारण २० नॉटने चालणारे जहाज तेवढ्या वेळात २४० सागरी मैल कापते. म्हणून परत उड्डाण, परत तोच चौकोन, परत तोच शेरा. ओळीमागून ओळ 'सागरी टेहळणी' दिसते ती यासाठी.

या कामाच्या मर्यादा तुमच्या लेखात झाकू नका. ९ डिसेंबरच्या रात्री दीवच्या परिसरात 'हँगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. पाणबुडी त्या भागात आहे हे रेडिओ संदेशाच्या दिशेवरून कळलेले होते. 'खुकरी' आणि 'कृपाण' तिला शोधायलाच गेल्या होत्या. त्यानंतर चार दिवस जहाजे आणि विमाने तिच्या मागावर होती, तरी ती निसटली. पाण्याखाली ऐकणारी सोनोबॉय टाकणारी, चुंबकीय बदल टिपणारी आणि टॉर्पेडो वाहणारी लांब पल्ल्याची विमाने त्या रात्री असती, तर चित्र काय झाले असते हे कोणी छातीठोकपणे सांगू नये. पण ती नव्हती, एवढे निश्चित. वर दिलेला सहा मैलांचा पट्टा आठवा.

दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, नौदलाच्या ३१० स्क्वाड्रनचे अलिझे जातीचे एक पाणबुडीशोधक विमान पाकिस्तानच्या स्टारफायटर लढाऊ विमानाने अरबी समुद्रावर पाडले. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट एच. एस. सिरोही आणि विजयन हे तिघेही परतले नाहीत. एका टर्बोप्रॉप इंजिनाचे ते विमान, आणि समोर ध्वनीच्या दुप्पट वेगाचे. टेहळणी विमानाचा बचाव एकच असतो: शत्रूचे लढाऊ विमान जिथे पोहोचू शकते तिथे न जाणे. पण माहिती बहुधा नेमकी तिथेच असते. पाकिस्तानलाही याचा अनुभव १० ऑगस्ट १९९९ ला आला, कच्छच्या सीमेवर त्यांचे अटलांटिक विमान आपल्या मिग-२१ ने पाडले आणि १६ जण गेले.

विमाने हवाई दलाची आणि गरज नौदलाची, ही व्यवस्था १९७१ नंतर फार टिकली नाही, आणि टिकू नये असेच माझे मत आहे, मी नौदलाचा आहे हे लक्षात घेऊनही. जहाजावरच्या कमांडरला काय विचारायचे असते आणि विमानातल्या माणसाला काय सांगता येते, हे दोघे एकाच मेसमध्ये जेवत असले की लवकर जुळते. १८ नोव्हेंबर १९७६ ला नौदलाची ३१२ स्क्वाड्रन स्थापन झाली आणि सुपर कॉन्स्टेलेशन तिच्याकडे गेली. पुढच्या वर्षी गोव्यात आयएल-३८ आली. ३१२ कडे १९८८ मध्ये टीयू-१४२ ही टेहळणी विमाने आली आणि २०१७ मध्ये निवृत्त झाली. आता तिथे पी-८आय ही टेहळणी विमाने आहेत. इकडे ६ क्रमांकाची स्क्वाड्रन समुद्राशी बांधलेलीच राहिली, पण बाजू बदलून: १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिला सी ईगल या जहाजविरोधी क्षेपणास्त्राची सागरी जॅग्वार लढाऊ विमाने मिळाली. बघणारी स्क्वाड्रन मारणारी झाली. पुण्यातल्या कित्येकांना ती फक्त जॅग्वारसाठी आठवते, याचे तुमच्या आजोबांच्या पिढीला वाईट वाटत असे.

आता लिहायचे कसे. लॉगबुक हा साक्षीदार प्रामाणिक असतो पण मुका असतो. त्यातून तुम्हाला तारीख, विमानाचा क्रमांक, कॅप्टनचे नाव, दिवसाचे आणि रात्रीचे तास मिळतील. पहिले काम म्हणून ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर १९७१ या तीन महिन्यांचे तास आठवड्यावार मांडा. युद्ध ३ डिसेंबरला सुरू झाले, पण माझा अंदाज आहे की तासांचा आलेख त्याच्या बराच आधी चढू लागलेला दिसेल. तसे दिसले, तर तुमच्या लेखाची सुरुवात डिसेंबरात करू नका. दुसरे, रात्रीचे तास वेगळे काढा. तिसरे, कॅप्टनचे नाव बदलते की तेच राहते ते पाहा; एकच क्रू महिनोन् महिने एकत्र उडत होता का, यावरून ओळख पटवण्याच्या कौशल्याबद्दल वर जे म्हटले त्याला तुमच्या घरातलाच पुरावा मिळेल. त्याच काळात त्याच स्क्वाड्रनमध्ये असलेल्या दुसऱ्या कोणाचे लॉगबुक मिळाले, तर दोन्ही शेजारी ठेवा. एकाच उड्डाणाच्या दोन नोंदींत दहा मिनिटांचा फरक सापडला तर घाबरू नका, तो नेहमीच असतो. संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने तयार केलेला १९७१ चा अधिकृत इतिहास वाचा, पण त्यात टेहळणीला मिळालेली जागा पाहून हिरमुसू नका.

एक विनंती. लॉगबुकाची झेरॉक्स काढून पाठवतो असे तुम्ही लिहिले आहे. ती काढू नका. रात्रीचे तास बहुतेक वेळा लाल शाईने लिहिलेले असतात, आणि काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये लाल आणि निळी शाई सारखीच उतरते. खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता एकेका पानाचा रंगीत फोटो काढा, समासातल्या पेन्सिलीच्या खुणांसकट. त्या खुणा मला आधी बघायच्या आहेत.